तिसरा फेरा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते आगीचे नऊ दिवस, लागून आज तिसरा दिवस. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि आमच्या मोहाडीच्या रस्त्यावर कुत्रंही फिरताना दिसत नाही. जी आहेत ती नळाच्या ओलीत पोट टेकून पडली आहेत. माझ्या बायकोनं, कुसुमनं, कुलरमध्ये तिसरी बादली ओतली आहे आणि मी त्याच्यापुढे लुंगी गुडघ्यावर घेऊन बसलो आहे. अशा वेळी फोन वाजला आणि त्यात मारोती दिसला. मारोती पुण्यात, एका बागेतल्या बाकावर बसलेला. मागे हिरवळ, हिरवळीमागे झाडं, आणि त्याच्या डोक्यावरचे उरलेसुरले चार केस वाऱ्यानं उडत होते. बाकी काही नाही, ते केस उडताना दिसले आणि माझं पित्त खवळलं.

"का करून राहिला गा शंकर?" त्यानं विचारलं.

"शिजून राहिलो," मी म्हटलं.

तो हसला. त्याच्या डाव्या बाजूला बसलेले लिमये नावाचे गृहस्थही फोनमध्ये डोकावून हसले आणि त्यांनी मला हात केला. मीही केला, न करून सांगतो कुणाला. मग मारोतीनं ज्यासाठी फोन केला होता ते सांगितलं. तीन वर्षांनी तो मोहाडीला यायचं म्हणतो आहे. मृग लागला की येणार, महिना-दोन महिने राहणार. त्याच्या मुलाची, प्रफुल्लची, फक्त एक अट आहे.

"प्रफुल्ल म्हणते, शंकरकाका सोबत असन तर खुशाल जा. संध्याकाळी तो तुले फोन करते."

एवढं बोलून मारोती उठला, कारण त्याच्या मंडळींचा पुढचा फेरा सुरू होणार होता.

खरं तर मी उडी मारायला हवी होती. गेली तीन वर्षं मी याच एका फोनची वाट पाहत होतो. पण मी नुसतं "पाहू" म्हणालो आणि फोन ठेवला. कुसुमनं रिकामी बादली खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे विचार करायला वेळ आहे. एवढ्या उन्हात दुसरं करण्यासारखंही काही नाही.

माणसं दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतात, गाडीचा करतात, पोराच्या नोकरीचा करतात. मी तहसील कचेरीत पस्तीस वर्षं फायली इकडच्या तिकडे केल्या आणि वेळ झाली तेव्हा घरी आलो. माझ्याकडे बंगला नाही, गाडी नाही, आणि त्यापायी माझी कधी झोप उडालेली नाही. मला हेवा वाटतो तो हवेचा. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता घराबाहेर पाऊल टाकता येतं, लोखंडी बाकावर बसलं तरी पोळत नाही, अंगणात पाणी शिंपडून जमिनीची आग विझण्याची वाट पाहावी लागत नाही, हे सगळं ज्या शहराला बसल्या जागी मिळालं आहे त्याचा मला मत्सर वाटतो. आणि तेच शहर माझा मित्र घेऊन बसलं आहे.

मारोती इथल्या शाळेत मास्तर होता. बावीस वर्षं आम्ही दोघं रोज पहाटे गावाबाहेरच्या तलावाच्या पाळीवर फिरलो. पाळीच्या एका टोकाला पाणी सोडायचं गेट आहे आणि दुसऱ्या टोकाला मोहाचं मोठं झाड. गेटापासून मोहापर्यंत जाऊन परत आलं की एक फेरा. थंडीत चार-पाच फेरे व्हायचे, गप्पा संपेपर्यंत. उन्हाळ्यात मात्र ऊन सांगेल तेवढेच. मोहाच्या शेंड्याला ऊन लागलं की घराकडे वळायचं, मग गोष्ट अर्धी राहिली तरी उरलेली उद्या. नवतप्यात त्याआधी जेमतेम दोन फेरे होतात, तेही साडेचारला घर सोडलं तर. हा नियम मारोतीच्या वडिलांचा होता. त्यांच्याआधी तो कुणाचा होता हे विचारायचं राहून गेलं.

उन्हाळ्यातल्या त्या पहाटेला एक वास असायचा. तलाव आटत आटत मधोमध जाऊन बसलेला, त्याच्या भोवती चिखल, चिखलाभोवती भेगा. मासे धरणारी ढिवर मंडळी उरलेल्या पाण्यात डोंगा ढकलत असायची. चैतात मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया आमच्याही आधी आलेल्या असायच्या आणि पाळीचं ते टोक गोड घमघमायचं. गार वारा असा नव्हताच कधी. गरम नसलेला वारा असायचा आणि आम्ही त्याच्यावर खूश होतो. दिवसभरात बाहेरची म्हणून जी मजा मिळायची ती एवढी दीड तासाची. पुढे सूर्य मालक आणि आपण घरात.

चालताना मी कायम मारोतीच्या डाव्या हाताला. त्याचा उजवा कान लहानपणी याच तलावात बुड्या मारता मारता फुटला. उजवीकडून काही सांगितलं की तो "हो, हो" म्हणतो आणि त्याला काहीच कळलेलं नसतं. त्याच्या वर्गातल्या पोरांना हे पक्कं माहीत होतं. ज्यांचा पाठ झालेला नसे ती उजवीकडच्या रांगेत बसत आणि पुटपुटून वेळ मारून नेत. डावीकडची जागा माझी होती. बावीस वर्षं ती कुणी मागितली नाही, म्हणून ती कुणाला हवीशी वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्रफुल्लला पुण्यात नोकरी लागली, त्यानं घर घेतलं, आणि वहिनी गेल्यावर बापाला उन्हाळ्यात बोलावून घेऊ लागला. पहिल्या वर्षी मारोती म्हणाला, उन्हाळा काढून येतो. मृगाच्या आधी आलाही. येताना पुण्याच्या गोष्टी घेऊन आला. तिथे म्हणे मे महिन्यात रात्री चादर लागते. तिथे म्हणे संध्याकाळी बागेत पाय ठेवायला जागा नसते, म्हातारी माणसं टोप्या घालून चालतात, पोरं रात्रीचे दिवे लागेपर्यंत खेळतात. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी तो आणखी लवकर गेला आणि आषाढात आला. पाळीवर चालताना वाक्यावाक्याला "पुण्यात कसं असते" येऊ लागलं. मी तलावाकडे पाहत चालायचो. एखाद्याच्या बायकोनं माहेरचं कौतुक सुरू केलं की नवरा जसा गप्प होतो तसा मी गप्प व्हायचो.

तिसऱ्या वर्षी, नवतप्यातच, दोन फेरे झाल्यावर त्यानं फोनवर मला एक फोटो दाखवला. मुलानं घर बदलून बागेसमोरच घेतलं होतं. आता गॅलरीतून थेट झाडं दिसतात, म्हणाला. यंदा परवाच निघतो, आणि परत यायचं काही ठरवलं नाही, पाहू. मोहाच्या शेंड्याला ऊन लागून बराच वेळ झाला होता. ते अर्ध्या झाडावर उतरलं होतं. आम्ही गेटापाशी उभे होतो आणि घराची वाट समोर होती.

मी त्याच्या डाव्या कानात म्हणालो, "पुण्याची हवा खाऊन मऊ झाला तू. दोन फेऱ्यात दमला का? चाल, अजून एक."

त्यानं मोहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुपट्टा कानांवरून नीट बांधला आणि चालायला लागला. येताना अर्ध्या वाटेवर तो बोलायचा थांबला. मला वाटलं, रागावला. मला बरंही वाटलं, रागावू दे. गेटापासून वीस पावलांवर तो गुडघ्यावर बसला आणि मग आडवा झाला. अंग तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. मी ओरडलो तेव्हा डोंग्यातली दोघं चिखल तुडवत आली, एकानं त्याच्यावर पाणी टाकलं, दुसरा ऑटो आणायला पळाला. मारोती भंडाऱ्याच्या दवाखान्यात आठवडाभर होता. प्रफुल्ल विमानानं नागपूरला उतरून आला आणि बापाला घेऊन गेला. "उन्हाळा काढून येतो" हे वाक्य त्या वेळी कुणी उच्चारलं नाही. घराची चाबी आमच्याकडे दिली. कुसुम दर पंधरवड्याला जाऊन झाडून येते.

म्हणजे पुण्यानं माझा मित्र नेला असं मी जे सांगत फिरतो त्यात थोडी गफलत आहे. मी त्याला पुण्याच्या हवाली केला, आणि तोही पुण्याचा हेवा वाटला म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात मी पुण्याला गेलो. कुसुमनं पिशवी भरताना विचारलं, "आणाले जाऊन राहिले का पाहाले?" मी म्हणालो, पाहायला. तिनं पिशवीत लाखोळीची डाळ टाकली, मारोतीला आवडतात म्हणून चारं, म्हणजे चारोळीची फळं, टाकली, आणि वर दोन कांदे ठेवले. एक जाताना खिशात ठेवायला, एक येताना. आमच्याकडे उन्हाळ्यात कांदा खिशात ठेवल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. त्यानं लू लागत नाही म्हणतात. लागते तेव्हा लागते, पण कांदा नव्हता म्हणून लागली असं नंतर कुणी म्हणू नये.

पहिल्याच पहाटे चार वाजता मला जाग आली. दुपट्टा कानांवरून बांधला, कांदा खिशात टाकला आणि मारोतीला हलवलं. त्यानं कूस बदलली. "झोप गा," म्हणाला, "बगीचा सहाले उघडते." मला ते पटलं नाही. फिरण्याला कुलूप कसं असेल? मी एकटाच खाली उतरलो. बागेला खरंच मोठं फाटक होतं आणि त्याला कुलूप होतं. आतला पहारेकरी खुर्चीवर झोपला होता. मी तिथे दीड तास उभा राहिलो. आणि काय वारा होता म्हणून सांगू. गार, मऊ, झाडांतून गाळून आलेला. मे महिन्यात असला वारा, आणि त्यात फिरायला एक माणूस नाही. आमच्याकडे एवढा वारा सुटला असता तर अख्खं गाव खाटा घेऊन बाहेर आलं असतं. या लोकांना त्याची किंमत नव्हती. ते पडदे ओढून झोपले होते, कारण त्यांना ठाऊक होतं की वारा सहा वाजताही असणार, संध्याकाळीही असणार. याला श्रीमंती म्हणतात. मला तेव्हा इतका राग आला की खिशातला कांदा मी मुठीत धरून ठेवला होता.

सहाला फाटक उघडलं आणि माणसांचा लोंढा आत गेला. धावणारे, योगासनं करणारे, उलटे चालणारे, एकत्र उभं राहून हसणारे. मारोतीची मंडळी सहा-सात होती. त्यांचे म्होरके हे लिमये, रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरे बूट, पांढरी टोपी. निघण्यापूर्वी लिमयांनी फोन काढून सर्वांना हवा वाचून दाखवली. आज हवा चांगली आहे, दुपारी तापमान चढेल, संध्याकाळी ढग. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसू आलं. हवा काय वर्तमानपत्र आहे वाचायला? मग लिमयांचं लक्ष माझ्या खिशाच्या फुगीरपणाकडे गेलं. त्यांनी विचारायच्या आत मारोतीनं सांगून टाकलं, कांदा आहे. आता हे सगळे हसणार म्हणून मी छाती काढून तयार राहिलो.

लिमयांनी आपल्या खिशात हात घालून कांदा काढला. मग शेजारच्यानं काढला. तिसऱ्यानंही.

"मारोतरावांनी सवय लावली आम्हाला," लिमये म्हणाले. "एप्रिलपासून कुणी कांद्याशिवाय येत नाही."

मी हसलो असतो तर बरं झालं असतं. सगळे हसत होते. पण मला रडू यायचं बाकी राहिलं. त्यांची हवा त्यांना होती, बाग होती, माझा मित्र होता. आता आमचा कांदाही मारोतीनं वाटून टाकला होता.

आणि फेरा सुरू झाला तेव्हा लिमये सहजपणे मारोतीच्या डाव्या बाजूला गेले. त्यांना कानाचं माहीत होतं. मी उजवीकडे आलो. महिनाभर मी मारोतीला गावच्या गोष्टी उजवीकडून सांगितल्या. कुणाचं धान किती झालं, कुणाची पोरगी कुठे दिली, तलावात यंदा मासळी कशी आहे. तो "हो, हो" म्हणायचा.

लिमये माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागेल, आणि त्याचाच त्रास होता. वाईट असता तर मला महिना सोपा गेला असता. एकदा बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, "आमच्या लहानपणी या गावात पंखा नसायचा हो घरात. आता दुपारी मुलांना खाली सोडत नाहीत, घसरगुंडी तापते म्हणून. थंडीत सकाळी हवा इतकी घाण असते की हा फोन लाल होतो, आणि आम्ही सगळे आपापल्या गच्चीवर फेऱ्या मारतो." हे ऐकून मला आतून गार वाटलं. आमचं ऊन हळूहळू का होईना इथवर येत होतं. पुढची काही वर्षं मी जगलो तर पुणेही साडेचारला उठायला लागेल, असा हिशेब मी मनात केला. माणसानं एवढं वाईट चिंतू नये. पण मी चिंतलं.

मग मी पाऊस मागितला. रोज संध्याकाळी ढग यायचे, गडगडायचे आणि निघून जायचे. मी गॅलरीत उभा राहून मनातल्या मनात म्हणायचो, ये, चांगला चार दिवस ये, त्या बागेचं पार वाटोळं कर. मला मारोती एकट्याला गाठायचा होता. त्याच्या डाव्या बाजूला बसून एकच गोष्ट विचारायची होती, चालतो का घरी. मंडळी भोवती असताना ते मला जमत नव्हतं.

पाऊस आला. मृगाची वाट न पाहता आला आणि धो धो आला. पहिल्याच रात्री बागेत चालायच्या वाटेवर एक गुलमोहर आडवा झाला आणि सकाळी फाटकावर पाटी लागली की इशारा आहे, उद्यान पुढील सूचनेपर्यंत बंद. मी जिंकलो होतो. मी चहा घेऊन मारोतीच्या डाव्या बाजूला खुर्ची सरकवली, आणि त्याचा फोन वाजला. लिमये. ते गाडी घेऊन खाली उभे होते. बाग बंद असली की मंडळी मॉलमध्ये चालतात म्हणे.

त्या काचेच्या बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो तो चालण्यासाठी. दुकानं अजून उघडायची होती. गार वारा यंत्रातून येत होता, बाहेर पाऊस कोसळत होता त्याचा आवाजही आत नव्हता, आणि कोरड्या फरशीवर सात-आठ म्हातारी माणसं खिशात कांदे घेऊन गोल गोल फिरत होती. मारोतीसुद्धा. मजेत. आमच्याकडे पावसात पाळीवर गेलं की आपण भिजायचो, उन्हात गेलं की भाजायचो. या शहरानं असा बंदोबस्त केला होता की ऊन असो, पाऊस असो, मारोतीची सकाळ बुडणार नाही. माझ्या हातात पाऊस होता तोही फुकट गेला.

चौथ्या दिवशी पाणी इतकं साचलं की गाड्याही निघेनात. लिमये आले नाहीत. प्रफुल्लही घरी होता. आम्ही तिघं गॅलरीत बसलो. मी मनात वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात प्रफुल्लच बोलला.

"काका, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही ऊन पाहून घरी वळलात. बाबा तुमच्यासोबत वळले असते तर आज ते मोहाडीतच असते. तुम्ही 'घरी चाल' म्हणत होतात आणि हेच हट्टानं एकटे तिसऱ्या फेऱ्याला गेले. बाबांनी सगळं सांगितलंय मला. तुम्ही मागे वळून पाहिलं नसतं तर काय झालं असतं, याचा मी विचारही करत नाही."

मारोती पलीकडे बसला होता. प्रफुल्ल त्याच्या उजव्या बाजूला होता, त्यामुळे त्याला ऐकू गेलं नसेल असं समजायला जागा होती. पण त्याच्या बशीतला चहा हलला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या आडव्या झालेल्या गुलमोहरावर दोन माणसं करवत चालवत होती, तिकडे पाहत राहिला.

मी काय केलं? काही नाही. चहा प्यायलो. माझ्या वतीनं तो खोटं बोलला होता, दवाखान्यातल्या खाटेवरून, आणि मला त्याची गंधवार्ताही लागू दिली नव्हती. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेच्या आतून पुन्हा हेवाच वाटला, की इतकं चांगलं वागणं याला इतक्या सहज कसं जमतं. मला तर त्याचं गाव बदललेलंही सोसलं नव्हतं.

मी आणखी तीन दिवस राहिलो आणि न विचारता निघालो. स्टेशनवर मारोती सोडायला आला होता. गाडी सुटायच्या आधी त्यानं खिडकीच्या गजाला हात लावून विचारलं, "तू मले न्याले आला होता ना?"

"नाही गा. पुणं पाहाले."

"मंग पाहिलं का?"

"पाहिलं," मी म्हणालो.

यालाही आता वर्ष झालं. मी पाळीवर एकटा जातो. मोहाच्या शेंड्याला ऊन लागायच्या बरंच आधी वळतो, कधी कधी दुसरा फेरा अर्धाच टाकून. ढिवर मंडळी हसतात, म्हणतात मास्तर गेल्यापासून बाबू उन्हाले भ्यायले लागला. भ्यालोच आहे मी.

दुपारचे चार वाजले. कुलरचं पाणी पुन्हा संपलं. भिंतीला हात लावला तर आतून ताप आल्यासारखी लागते. संध्याकाळी प्रफुल्लचा फोन येईल आणि मला फक्त "हो" म्हणायचं आहे. "हो" म्हटलं की मृगाला मारोती येईल. त्याच्या घराची चाबी खुंटीवर आहे. डावी बाजू माझी मला परत मिळेल, आणि लिमये त्यांच्या चांगल्या हवेत उजवीकडे-डावीकडे कुणालाही घेऊन फिरोत.

प्रफुल्लचा फोन साडेसहाला आला. आवाज आनंदी होता. म्हणाला, "काका, तुम्ही सोबत असलात की मला काळजी नाही. कधी वळायचं ते तुम्हाला कळतं."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. दुसरं काहीही बोलला असता तर मी "हो" म्हणून मोकळा झालो असतो.

"प्रफुल्ल," मी म्हणालो, "मी वळलो नव्हतो. तिसरा फेरा मीच लावला होता. तुह्या बाबाले चिडवून नेलं होतं."

पलीकडून बागेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता, संध्याकाळी साडेसहा वाजता, मे महिन्यात. मग तो म्हणाला, "बाबा माझ्याशी खोटं बोलले?" मी म्हटलं, माझ्यासाठी. तो म्हणाला, "बरं. करतो फोन." आणि ठेवला. कुसुम दारात उभी होती. तिनं आज पहिल्यांदा हे ऐकलं. तिनं मला जेवायला वाढलं आणि स्वतःचं ताट आत नेलं.

इथवर लिहिलं त्याला पाच दिवस झाले. आज नवतप्याचा आठवा दिवस. पाच दिवस पुण्याहून फोन नव्हता. रोज साडेआठ वाजता मी कुलरसमोर फोन घेऊन बसत होतो. बागेचा, वाऱ्याचा, हिरवळीचा हेवा या पाच दिवसांत कुठे गेला कळलं नाही. उरला फक्त लिमयांचा. त्यांची गाडी, त्यांचे बूट, त्यांचा हवा सांगणारा फोन, काही नको मला. त्या माणसानं मारोतीला कधी "चाल, अजून एक" म्हटलेलं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही.

आज मारोतीचा फोन आला. नुसता आवाज, चित्र नाही.

"कायले सांगतलं गा तू? तीन वर्षं झाकून ठेवलं होतं."

मग तो म्हणाला, मृगाचं रद्द झालं. प्रफुल्ल दोन दिवस जेवला नाही नीट, तिसऱ्या दिवशी बोलला. आता दिवाळीनंतर यायचं ठरलं आहे, मंडईच्या जत्रेच्या वेळी, थंडी पडल्यावर. आणि एकट्यानं नाही. प्रफुल्ल सुट्टी काढून सोबत येणार. पाळीवरही तो सोबत चालणार, फेरे तो मोजणार, आणि तो म्हणेल तिथून वळायचं. मारोतीनं विचारलं, "चालते ना तुले?"

मी चालते म्हणालो. फोन ठेवल्यावर कुसुमनं खुंटीवरची चाबी काढली आणि पदराला पुसली. दिवाळीला अजून पाच महिने आहेत, मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

आणि मी बसल्या बसल्या पाळीवर तिघांना उभं करून पाहू लागलो. थंडीची सकाळ, तलाव काठोकाठ, गेटापाशी आम्ही तिघं. बापाला ऐकू यावं म्हणून प्रफुल्ल डाव्या हातालाच चालणार, हे उघड आहे. मला आत्तापासून त्याचाही हेवा वाटायला लागला आहे. पण पाळ तीन माणसं शेजारी मावतील एवढी रुंद आहे. मी उजवीकडून चालेन. थोडं मोठ्यानं बोलावं लागेल, एवढंच.